दादांच्या नावाची ओळ

२० मार्च १९७७, रविवार. आखाडा बाळापूर

हे दुपारी नांदेडहून आले. चपला काढल्या, हात धुतले, जेवायला बसले. चार भाकरी झाल्या. पाचवी मागितली तेव्हाच मी ओळखलं. दुःखात लोकांचं अन्न तुटतं, आमच्या घरी उलटा प्रकार आहे.

शेवटी मीच विचारलं, काय म्हणाले डॉक्टर?

"दादाच्या गळ्यात गाठ हाय. चांगली न्हाई. कापाच लागंल."

मग कापू द्या की.

"गाठीसंगं आवाज बी जाणार. पुरा."

ताट सरकवलं आणि ढोलकी घेऊन बसले. वाजवली नाही. नुसत्या दोऱ्या आवळत राहिले.

लिंबाजीदादांचा आवाज जाणार. लिहिलं तरी खरं वाटत नाही. ह्या भागातला एक बौद्धवाडा दाखवा जिथे दादांची गायन पार्टी गायली नाही. ह्यांनी तर मिसरूड फुटल्यापासून दुसऱ्या कोणाच्या मागे ढोलकी धरली नाही.

दादांनी म्हणे डॉक्टरांना विचारलं, जयंतीपर्यंत ऱ्हाऊ देता का, तेवढा एक कार्यक्रम करतो. जसं काही सामानच ठेवायचं आहे कुणाकडे. डॉक्टर चिडले, मग कबूल झाले. चौदा एप्रिल झाली की औरंगाबाद.

२२ मार्च, मंगळ.

शाळेत आणि बाजारात निवडणुकीच्या निकालाशिवाय विषय नाही. मु.अ. म्हणाले, बाई, तुम्हाला काय वाटतं? मला काय वाटत होतं ते त्यांना सांगून उपयोग नव्हता.

सारखं माहेर आठवतंय, साखरा. मी सात-आठ वर्षांची असेन. दादांची पार्टी पहिल्यांदा आली. बैल सोडून गाडीचाच स्टेज केला होता. बाप्ये समोर, बाया डाव्या अंगाला. दादा उभे राहिले ते बाप्यांना खांदा दाखवून, तोंड सरळ बायांकडे. आणि सुरू—

दळण ऱ्हाऊ दे अर्धं माय, पोरीच्या हाती पाटी दे...

आईला वाटलं हा माणूस आपल्यालाच सांगतोय. दुसऱ्या दिवशी बाबा शेतावर गेले, आणि हिने मला हाताला धरून शाळेत नेऊन बसवलं. दळण खरोखरच अर्धं पडलं. संध्याकाळी त्यावरून बोलणी खाल्ली तिने. आज मी खुर्चीवर बसून पोरांना दटावते ती त्या एका गाण्याच्या जिवावर. दादांना हे कधी सांगितलं नाही. सांगायला गेलं की चेष्टा करतात.

२७ मार्च, रवि.

डोंगरकड्याला जाऊन आलो दोघं. दादा ओट्यावर थापी घासत बसले होते. गवंडी माणूस. भिंत वर चढत असते आणि गाणं पण. ज्यांच्या घराला दादांचा हात लागला त्या घरच्या बायांना निम्मी गाणी पाठ.

मी गेल्या गेल्या विषय काढला. दादा, ह्या वेळी टेप करू. रेडिओवाल्या अन्वरभाईंकडे मशीन आहे.

"न्हाई."

आजवर किती तरी लोक विचारून गेले, उत्तर तेच. गाणं डब्यात कोंबलं की त्याला वास लागतो म्हणे.

"आन ऐकणार कोन गं मास्तरीण? माझंच भूत?"

मला रागच आला. म्हटलं आम्ही ऐकू. आम्ही काय माणसात जमा नाही?

केरावहिनी चहा घेऊन बाहेर आल्या. दादांची बायको, पण चार लोकांत शब्द नाही त्या बाईचा. कप ठेवता ठेवता म्हणाल्या, "झुंजुमुंजुपासनं गुणगुणतेत हे. आयकतच चूल पेटवते मी. आता घर मुकं व्हईल. एक तरी असू द्या की, माझ्यापायी."

दादा बराच वेळ थापी घासत राहिले. मग, "सांग त्या अन्वरला. पर मी मशीनकडं तोंड करून गाणार न्हाई."

ह्यांनी विचारलं, मग कुणाकडं करणार?

"रोजच्यासारखं, बायांकडं. बाप्ये गाणं आयकून घरी जातेत. बाया गाणं घरी नेतेत."

हे माझ्याकडे बघून हसले. ढोलकीवाल्यालाही कधीतरी कळतं.

३ एप्रिल, रवि.

आमच्या अंगणात तालीम. डॉक्टरांनी गळा जपायला सांगितलाय म्हणून दादा गात नाहीत, हातानेच सांगतात. कोरसवाले गातात आणि दादा तोंड वाकडं करतात. दोनदा खडा मारला एकाला.

नवं गाणं केलंय म्हणे, शेवटाला म्हणायचं. दोन कडवी सांगितली, पुढचं सांगेनात. "नावाचं कडवं अजून बसंना."

दादांच्या पार्टीचा हा नेम कडक आहे. शेवटच्या कडव्यात 'लिंबाजी म्हणे' येतं. ती ओळ आली की पेटी थांबते, कोरस तोंड मिटतो, एकटी ढोलकी बारीक चालते आणि दादा एकटेच म्हणतात. दुसऱ्या कुणी ती ओळ म्हणायची नाही. तालमीतसुद्धा नाही. एकदा एक नवा कोरसवाला चुकून बोलला तर बाकीच्यांनी त्याच्याकडे असं बघितलं, जसं त्याने ताटात पाय दिला.

दादांचा आवाज गोड नाही. कुणी गोड म्हटलं की त्यांना राग येतो. पण ती एक ओळ ते म्हणतात तेव्हा वाटतं, एवढा मोठा माणूस आपल्या ओळखीचा आहे.

९ एप्रिल, शनि.

अन्वरभाईंच्या रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात. मशीन बघितली. मोठ्या चकत्यांची, पट्टी ह्या चकतीवरून त्या चकतीवर जाते. "आपा, मशीन की फिकर नक्को. बस, लाइट नहीं जाना."

लाईट जाणार नाही. आमच्या लाईनमनसाहेबांना, म्हणजे ह्यांनाच, सांगून ठेवलंय, चौदा तारखेला लाईट गेली तर त्यांनी खांबावरच मुक्काम करावा.

अन्वरभाई पैगंबरवासी वडिलांसोबत दादांना ऐकायला यायचे लहानपणी. म्हणाले, "हमको मतलब कम समझता था, पर रोंगटे खड़े होते थे."

१४ एप्रिल

वेळ नाही. पळते.

१५ एप्रिल, शुक्र.

हात अजून भरून आलाय. का, ते लिहिते.

डोंगरकड्याची मिरवणूक उजेड असतानाच आली. वंदना झाली आणि लगेच दादा उभे राहिले. पांढरा सदरा, गळ्याला रुमाल. अन्वरभाईंनी भोंग्याच्या माइकला आपला माइक सुतळीने बांधला होता. पहिल्याच गाण्याला दादांनी सवयीने बायांकडे तोंड फिरवलं, माइक राहिले बाप्यांकडे. अन्वरभाई कानाला यंत्र लावून ऐकत होते, त्यांचा चेहराच उतरला. दुसरं गाणं सुरू व्हायच्या आत वाकत वाकत माझ्यापाशी आले.

"आपा, उनका मुँह इधरीच रहता. ये पकड़ के बैठो. हिलना नहीं."

झालं. बायांच्या पहिल्या ओळीत, केरावहिनींच्या शेजारी, सगळा कार्यक्रम मी माइक धरून बसले. न हलता. मला ओळखणाऱ्यांनी ह्यावर विश्वास ठेवू नये.

काय गायले दादा. गळ्यात ती गाठ आणि बाहेर हा आवाज, हे कोण्या डॉक्टरने समजावून सांगावं. गाणं सुरू करताना जरा खरखर, आणि मग एकदा रस्ता सापडला की मागे बघणं नाही. मध्येच दम लागला तर ओळ अर्ध्यावर सोडून द्यायचे आणि हसायचे. कोरसच्या आधी आम्ही बायाच उचलायचो ती. पाटीचं गाणं झालं तेव्हा मी रडले. हातात माइक, डोळे पुसणार कशाने? केरावहिनींनी आपल्या पदराने पुसले.

मग शेवटचं, नवं.

पाणी गेलं वाहून, तरी ओल ऱ्हाते गं
गाणारा जातो उठून, मागं बोल ऱ्हाते गं

 दुसरं कडवं चांगलं झालं. तिसऱ्याला आवाज फाटला. खोकले, पाणी प्यायले, कडवं ओढून कडेला नेलं. आणि नावाचं कडवं आलं. सवयीप्रमाणे पेटी थांबली. कोरसने तोंड मिटलं. ढोलकी एकटी. दादांनी तोंड उघडलं, काही आलं नाही. परत उघडलं. नाहीच. ढोलकी फिरून फिरून त्याच जागेवर येत होती, ह्यांचा चेहरा बघवत नव्हता. पार्टीतल्या एकाच्याही मनात आलं नाही की आज आपण काहीतरी म्हणावं. ती ओळ दादांची. तिथे गप्प बसणं इतकं अंगात मुरलेलं की माणूस समोर बुडतोय आणि हे मान देऊन उभे. म्हणायचं तरी काय म्हणा, ते कडवं पार्टीला माहीतच नव्हतं. दादांनी घराबाहेर ते काढलंच नव्हतं.

आणि माझ्या कानाशी, अगदी शेजारून—

लिंबाजी म्हणे गं बाई, गाणं माझं न्हाई
जिच्या कंठी रुजलं गं, तीच त्याची आई

केरावहिनी. डोळे मिटलेले, पदर अर्धा तोंडावर. बारीक आवाज, पण सरळ सुरात. आजवर कुणी मालकाचं नाव विचारलं तर 'डोंगरकड्याचे गवंडी' म्हणून सांगणारी बाई ही. लग्नातल्या उखाण्यानंतर ते नाव त्या तोंडातून निघालं असेल असं वाटत नाही. ते सगळ्या गावासमोर घेतलं, आणि गाऊन घेतलं.

दादा आमच्याकडे वळून बघत राहिले. मग हाताने ठेका धरला आणि मान हलवली. म्हण. वहिनींनी परत म्हटली. मग सगळ्या बायांनी. मग बाप्यांनी. दादा तसेच उभे, हात वर, तोंडातून शब्द नाही, आणि असे खूष की मी त्यांना तसं कधी बघितलं नव्हतं.

गाणं थांबल्यावर वहिनींनी डोळे उघडले. काय केलं ते तेव्हा कळलं बहुतेक. जीभ चावली आणि उठून मागच्या बायांत जाऊन बसल्या.

आणखी एक. हे लिहिताना माझंच मला हसू आलं. ट्रेनिंग झालेली बाई मी, पोरांना समतेचे धडे देते, आणि ह्या वहीत इतकी वर्षं 'हे' आले, 'हे' गेले. हे म्हणजे कोण? उत्तम. उत्तम, उत्तम, उत्तम. आकाश काही कोसळलं नाही.

१७ एप्रिल, रवि.

अन्वरभाईंच्या दुकानात सगळ्यांनी टेप ऐकली. दादा, पार्टी, मी, हे (उत्तम!), आणि मु.अ. आगंतुक. वहिनी आल्या नाहीत.

माइक बायांत, त्यामुळे गाण्याइतकंच आमचं सगळं त्यात आलंय. "सरक गं, लेकराला पाय पसरू दे." कुणाच्या तरी पोराचं रडणं. दुसऱ्या गाण्यानंतर स्वच्छ माझा आवाज, "मु.अ. बघा, टाळ्या सुद्धा तालाला सोडून वाजवून राहिले."  मु.अ. छताकडे बघत होते. दादा हसले, हसता हसता खोकले, खोकता खोकता परत हसले.

शेवटचं गाणं आलं. दादांची ती रिकामी जागा, ढोलकी, आणि मग वहिनी. दुकान भरून वहिनी. अन्वरभाईंनी चष्मा काढून पुसला.

दादांचा आवाज आता अगदी बसलाय. पण म्हणाले ते सगळ्यांनी ऐकलं. "हे ठेवा. बाकीचं पुसलं तरी चालंल मला."

तिकडे वहिनींच्या जावेने वाड्यात चालवलंय, एवढ्या लोकांत नवऱ्याचं नाव घेतलं, लाज कशी वाटली न्हाई. म्हाताऱ्या बायाही तिच्यात सामील. वहिनी तीन दिवस पाण्याला बाहेर पडल्या नाहीत. मला वाटलं होतं लोक त्यांना डोक्यावर घेतील. मी कुठल्या जगात राहते कोण जाणे.

२३ एप्रिल, शनि.

दादा-वहिनी औरंगाबादला गेले, उत्तम सोबत. बसस्टँडवर मी धीर करून दादांना साखऱ्याचं सांगून टाकलं. आई, दळण, पाटी, सगळं. वाटलं चेष्टा करतील. केली नाही.

"तुझी माय कुठं बसली व्हती?"

डाव्या अंगाला, कडेला.

"मंग तिलाच गायलो असंन," म्हणाले.

बस गेल्यावर मी रसवंतीच्या मागे जाऊन रडले.

२९ मे, रवि.

दादा परत आले. गळ्याला पुढे भोक, त्यातून श्वास. त्यावर पातळ फडकं. तोंड हलतं, आवाज नाही. वारासुद्धा नाही. मी तयारी करून गेले होते, तरी पहिल्यांदा बघितलं तेव्हा जमिनीकडे बघावं लागलं. दादांनी थापीने माझ्या डोक्यावर टपली मारली. वर बघ म्हणून.

काम सुरू करणार आहेत. बरे आहेत म्हणे. वहिनी मात्र खचलेल्या वाटल्या.

१९ जून, रवि.

अन्वरभाईंच्या साडूने मुंबईत टेप एका तबकडीच्या कंपनीला ऐकवली होती. त्यांचा माणूस आज आला. सफारी, कडक इस्त्री, आमच्या रस्त्याने आला म्हणजे धुळीने माखलेला. माणूस वाईट नव्हता. तीन गाणी परत परत लावून ऐकली. म्हणाला, असा आवाज आम्हाला आधी का नाही मिळाला. खरोखरच हळहळत होता. मोठी तबकडी काढायची म्हणतो, दोन्ही बाजू, संपूर्ण दादा.

माझी छाती फुगली. दादांची पण.

मग म्हणाला, "शेवटचं गाणं तिसऱ्या कडव्यावर थांबवू. पुढे टाळ्या जोडता येतील. गायकाचा आवाज जातोय आणि मध्येच कुणी बाई... ऐकणाऱ्याला कळणार नाही काय चाललंय."

दादांनी चकतीच्या डब्यावर हात ठेवला आणि मान हलवली. त्याने परत समजावलं. परत मान. ते गाणं आहे तसं, नाहीतर काहीच नाही. उत्तमने तोंडाने सांगितलं, पण गरज नव्हती, आंधळ्यालाही कळलं असतं.

तोच नमला. शेवटी, ठीक आहे, आहे तसं घेऊ. पण त्या बाईंची लेखी संमती लागेल. जुलैच्या मध्यापर्यंत कळवा.

मला वाटलं, एवढंच ना. काय भोळी आहे मी.

२१ जून, मंगळ.

वहिनी: "न्हाई."

 शाळा सुटल्यावर बस धरून मुद्दाम डोंगरकड्याला गेले होते. अर्ध्या तासाने एवढं म्हणाल्या, "गाव बोललं ते बोललं. आता बंबईचे लोकं बी आयकतीन? घरोघरी? मी आपली त्यांना सुचंना म्हनून बोलले. गायले थोडीच."

वहिनी, ते सगळ्यात चांगलं गाणं आहे त्यातलं.

"मंग माझं काढून टाका आन ऱ्हायलेलं द्या."

दादा कोपऱ्यातून मान हलवतात, नाही. वहिनी मान हलवतात, नाही. दोघांच्या मध्ये मी. दोघंही एकमेकांसाठीच नाही म्हणतात आणि त्यात दादांचा आवाज डब्यात पडून राहणार.

२६ जून, रवि.

उत्तमशी भांडण. मी म्हटलं, वहिनींना समजावलं पाहिजे, रोज जाऊन, मागे लागून. हा म्हणतो, "काहून? तुला पाहिजे म्हनून? लाज तिला वाटून राहिली, तुला न्हाई."

पण दादांची एवढी मोठी—

"दादाची हाय ना. तिची बी हाय का, ते कोनी इचारलं?"

मी भांडी आपटत राहिले. त्याचं बरोबर आहे, म्हणून जास्त राग. तबकडी निघावी असं मला इतकं वाटतं की रात्री दचकून जागी होते. साखऱ्याला ग्रामपंचायतीचा भोंगा आहे आता. एखाद्या सकाळी दादा लागले आणि एखादीचं दळण अर्धं राहिलं तर. पण वहिनींची मान धरून नको. नकोच.

४ जुलै, सोम.

शाळेत नवीन पोरं. रडारड.

संध्याकाळी उत्तम सांगत आला, दादा साळव्यांच्या भिंतीवर काम करून राहिले. गाणं नाही तर थापीने विटेवर ठेका. खालून बाया गाणं म्हणतात. एक चुकली तर दादांनी वरून चुन्याचा गोळा मारला तिला. बरं वाटलं ऐकून.

वहिनींचा निरोप: एकदा आयकीन म्हणते. फक्त आयकीन.

१० जुलै, रवि.

शुक्रवारपर्यंत कंपनीला कळवायचंय.

दुपारी अन्वरभाईंचं दुकान. दादा, वहिनी, उत्तम, मी. अन्वरभाईंनी दाराला पडदा लावला, बाहेरचं कुणी बघू नये म्हणून. वहिनींना खुर्ची दिली, त्या खाली चटईवर बसल्या. शेवटचं गाणं लावलं.

दादांचा आवाज सुरू झाला तशा वहिनींनी पदर डोळ्याला लावला. किती महिन्यांनी ऐकत होत्या. दोन कडवी तशाच. मग आवाज फाटला, खोकला, ती रिकामी जागा, उत्तमची ढोलकी. आणि त्यांचा स्वतःचा आवाज आला.

पदर खाली आला. मशीनकडे बघत राहिल्या.

"ही मी व्हय?"

तुम्हीच वहिनी.

"परत लावा."

परत लावलं. मग आणखी एकदा. तिसऱ्या वेळी बोट वर करून म्हणाल्या, "हितं दम पुरला न्हाई बघा. 'रुजलं'पाशी. पर सूर सुटला न्हाई."

नाही सुटला, वहिनी.

"न्हाईच सुटला." जरा हसल्या. मग मशीन थांबली. दादा भिंतीला टेकून, हात जोडल्यासारखे गुडघ्यावर, आणि वहिनींकडे असं बघत होते जसं शाळेतली पोरं निकालाच्या दिवशी बघतात. मी जीभ दाताखाली धरून ठेवली होती. उत्तमला वचन दिलंय.

वहिनी मशीनकडे बघतच म्हणाल्या, दादांना, "मी तुमचं नाव घेतलं. साऱ्या गावापुढं. आता म्हनता साऱ्या मुलखापुढं घे."

दादांनी मान हलवली, हो.

"तुमी कधी घेतलं का माझं? आवं म्हनलं, आयकलं का म्हनलं, पोराची माय म्हनलं. इतकी गानी केली. एकदा तरी हाक मारली नावानं?"

दादांची मान हलली नाही. मी बघितलं त्यांच्याकडे आणि मग बघू शकले नाही. ज्या माणसाच्या आवाजावर अर्धा तालुका वाढला, त्याला हे आता विचारत होत्या. आता.

"मंग घ्या," वहिनी म्हणाल्या. "मंग बघते मी, काय सांगायचं ते."

दादा चटईवर पुढे सरकले. गळ्याचं फडकं नीट केलं. दोन्ही हात गुडघ्यावर ठेवून, गाण्याआधी बसायचे तसे ताठ बसले. ओठ उघडले. के. मग रा. मी वाचलं. उत्तमने वाचलं. आवाज काडीचाही नाही.

वहिनींनी कान पुढे केला. डोळ्यांत पाणी, आणि त्याच्या मागे काहीतरी खट्याळ, जे मी त्या बाईत कधी बघितलं नव्हतं.

"आयकू न्हाई आलं."

दादांनी परत म्हटलं. मान वर करून, गळ्याच्या शिरा ताणून.

"न्हाई बाई. परत."

दादा हसायला लागले, नुसतेच खांदे हलत होते. हसता हसता परत ओठ जुळवले. अन्वरभाई कोपऱ्यातून अगदी हळू म्हणाले, "भाभी, पंखा बंद करूँ क्या? आवाज करता."

"व्हय, करा बंद," वहिनी म्हणाल्या.

अन्वरभाईंनी उठून बटण दाबलं. पाती फिरत फिरत थांबेपर्यंत दादा थांबले, मग पुन्हा सुरू झाले.